सातची बाकी आणि 1,42,857

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर मी हिशेब लिहितो. भागीदार सात आहेत. लाख रुपयांची वाटणी केली की प्रत्येकी 14,285.71 रुपये येतात, दोन लाखांची 28,571.42 आणि तीन लाखांची 42,857.14. तेच सहा अंक त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. हा योगायोग आहे काय? शिवाय वाटून उरलेले पैसे कधी तीन, कधी सहा, कधी दोन असे का असतात?

उत्तर : योगायोग मुळीच नाही, आणि आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून 1 ला 7 ने कागदावर भागून पाहावे, कारण या संख्येचे सारे मर्म बाकीत आहे आणि कॅल्क्युलेटर नेमकी बाकीच दाखवत नाही. 10 मध्ये सात एकदा जातात व बाकी 3 उरते. 30 मध्ये चार वेळा, बाकी 2. 20 मध्ये दोन वेळा, बाकी 6. 60 मध्ये आठ वेळा, बाकी 4. 40 मध्ये पाच वेळा, बाकी 5. 50 मध्ये सात वेळा, बाकी 1. पुन्हा 1 आला, म्हणजे पुढचा भागाकार पहिल्यापासून तसाच्या तसा सुरू होणार. भागाकारात 142857 हे अंक मिळाले आणि 1 ते 6 या सगळ्या बाक्या एकेकदा येऊन गेल्या. म्हणूनच 2 ला सातने भागताना आपण याच साखळीत बाकी 2 पासून शिरतो आणि 285714 मिळते. 3 पासून शिरलो तर 428571. 142857 ची सातपट केल्यावर मात्र 9,99,999 येतात.

आपल्या वहीत उरणारे पैसे याच बाक्या आहेत. लाख रुपयांचे एक कोटी पैसे होतात, त्यांना सातने भागल्यावर 3 उरतात. दोन लाखांना 6 आणि तीन लाखांना 9 मधून सात वजा जाऊन 2.

साखळीच्या मध्यावर बाकी 6 येते, त्यामुळे उरलेले तीन अंक 6 भागिले 7 चे पहिले तीन अंक असतात; एक सप्तमांश आणि सहा सप्तमांश मिळून पूर्ण एक होत असल्याने 142 आणि 857 यांची बेरीज 999 भरते. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांमध्येही ही बसते : तिचा वर्ग 20408122449, आणि 20408 अधिक 122449 म्हणजे पुन्हा 142857.

प्रत्येक मूळ संख्येला हे साधत नाही. 13 ने भागताना सहा बाक्यांतच साखळी मिटते, उरलेल्या सहा बाक्यांची दुसरी वेगळी साखळी बनते, आणि त्यामुळे 076923 ची दुप्पट 153846 अशी निराळीच येते. 17 ला मात्र सोळाही बाक्या एका साखळीत येतात व 0588235294117647 हे चक्र मिळते. सुरुवातीचे शून्य येथे सोडता येत नाही. सुरुवातीला शून्य नसलेले असे चक्र दशमान पद्धतीत फक्त सातचेच आहे. सगळ्या बाक्या एकाच साखळीत आणणारे भाजक शंभराच्या आत नऊ आहेत : 7, 17, 19, 23, 29, 47, 59, 61 आणि 97. ते अनंत असावेत असे अनुमान गणिती एमिल आर्टिन यांनी 1927 मध्ये मांडले, आणि ते अद्याप सिद्ध झालेले नाही.