दुसरीतला मुलगा त्रेसष्टला ‘साठ तीन’ म्हणतो, शाळेत हेच शिकवतात का?

हो, घाबरू नका. 2019 ला बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं तेव्हा त्यात त्रेसष्टसोबत ‘साठ तीन’ असंही वाचन दिलं होतं आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला, टीव्हीवर चर्चा, व्हॉट्सअ‍ॅपवर जोक, लोकांना वाटलं जुनी नावं बंद, पण तसं नव्हतं, दोन्ही दिली होती. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा हे समजावून सांगितलं होतं.

मुद्दा साधा आहे. त्रेसष्ट म्हणताना आधी तीन येतो आणि लिहिताना आधी सहा. माझी मुलगी दुसरीत असताना त्रेसष्ट सांगितलं की बिनधास्त 36 लिहायची, आणि वर मलाच म्हणायची “तीन आधी म्हणालास ना!” आता काय बोलणार? कन्नड, तेलुगूत आणि इंग्रजीतही दशक आधी बोलतात, तिथे हा घोळ होत नाही.

दुसरीला मुख्य काम 100 पर्यंतच्या संख्या, दशक-एकक आणि बेरीज-वजाबाकी. घरी आइस्क्रीमच्या काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून करा, सहा गठ्ठे आणि तीन सुट्या त्याच्या हातात द्या. हे जमलं की पुढे हातच्याला रडारड कमी होते. पण त्रेसष्ट, एकोणसाठ हेही कानावर पडू द्या हां, भाजीवाला ‘पन्नास नऊ’ म्हणणार नाहीये 😄