मंगळयानाच्या कॅमेऱ्याला झूम केवढा होता?

प्रश्न : परवा पोरीला मंगळयानाचे जुने फोटो दाखवत होतो. एकात अख्खा गोल मंगळ, दुसऱ्यात नुसताच जमिनीचा तुकडा, खड्डेबिड्डे सगळं स्पष्ट. ती म्हणाली बाबा, झूम केवढा असेल? मला काय सांगता येईना. आणि त्यात ढग कुठले, धूळ कुठली, हे कसं ओळखतात? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : पोरीला सांगा, झूम नव्हताच! कॅमेरा होता तसाच राहायचा, यानच जवळ-लांब जायचं. २४ सप्टेंबर २०१४ ला यान मंगळाभोवती फिरायला लागलं ते एकदम लांबट कक्षेत, सगळ्यात जवळ असताना साधारण ४२० किलोमीटरवर आणि सगळ्यात लांब असताना जवळजवळ ७७,००० किलोमीटरवर, एका फेरीला तीन दिवस. हे काही हौसेने केलेलं नाही, जवळच्या गोल कक्षेत बसवायचं तर जोरात ब्रेक मारावा लागतो आणि तेवढं इंधन नव्हतंच. पण फोटोंसाठी ते पथ्यावर पडलं.

कॅमेरा अहमदाबादला बनलेला, वजन जेमतेम सव्वा किलो, आणि चार मेगापिक्सेलचा, म्हणजे तुमच्या फोनपेक्षा कमीच. लांबून फोटो काढला की एका पिक्सेलमध्ये चार किलोमीटर मावायचे आणि पूर्ण मंगळ फ्रेममध्ये यायचा. जवळून काढला की एका पिक्सेलमध्ये २० मीटर, आणि अख्ख्या फ्रेममध्ये ४० बाय ४० किलोमीटर, म्हणजे आपले दीडदोन तालुके. पण जवळ असताना यान खालच्या जमिनीवरून सेकंदाला चार किलोमीटर पळत असतं, त्यामुळे शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागापेक्षा जास्त वेळ उघडं राहिलं की फोटो हललाच समजा.

आता ढग आणि धूळ. मंगळाची हवा अगदी विरळ, पृथ्वीच्या एक टक्काही नाही, तरी तिथे बर्फाच्या कणांचे ढग होतात आणि ते पांढरट-निळसर दिसतात, डोंगरमाथ्यांजवळ तर जास्तच. धूळ पिवळट-तपकिरी, आणि ती आली की खालचे ओळखीचे खड्डे पुसट होतात. पण खरी ओळख एका फोटोत होत नाही हो, तीच जागा परत परत बघावी लागते, जे हललं ते हवामान आणि जे जागेवर राहिलं ती जमीन. म्हणून रोजच्या हवामानाला मंगळयान कमी पडायचं, नासाचं २००६ पासून मंगळाभोवती फिरणारं एमआरओ नावाचं यान बरंच जवळून फिरतं आणि फोटोंचे पट्टे जोडून जोडून रोज पूर्ण ग्रहाचा नकाशा देतं.

१९७१ ची गंमत सांगतो. अमेरिकेचं मरिनर ९ हे यान मंगळाभोवती पोचलं तेव्हा ग्रहभर धुळीचं वादळ, खाली काही म्हणजे काही दिसेना, फक्त चार काळे ठिपके. मरिनरला पृथ्वीवरून नवे हुकूम देता येत होते म्हणून वादळ निवळेपर्यंत थांबता आलं, आणि मग कळलं की ते ठिपके म्हणजे धुळीच्या वर डोकं काढलेले ज्वालामुखी! त्याच सुमाराला पोचलेल्या रशियाच्या दोन यानांचा कार्यक्रम आधीच ठरवून दिलेला होता, त्यांनी बिचाऱ्यांनी बरेचसे फोटो धुळीचेच काढले.