वाचकांचे प्रश्न : एक वर्ग, अनेक पातळ्या

प्रश्न : मी प्राथमिक वर्गाला गणित शिकवते. काही मुले उदाहरण फळ्यावर लिहून होण्याआधीच उत्तर सांगतात, तर काहींना दशक-एकक अजून उमगलेले नाही. अशा वर्गासाठी झालेल्या दोन प्रशिक्षणांत व्याख्याने ऐकली. वर्गात आल्यावर मात्र काय करावे ते सुचत नाही. हुशार, मध्यम, कच्चे असे कायमचे गट करावेत का? प्रशिक्षण खरे तर कसे असावे?

उत्तर : कायमचे गट करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘कच्चा’ या शब्दातून मुलाचे नेमके कोठे अडते ते कळत नाही, आणि एकदा तो चिकटला की मूल आणि शिक्षक दोघेही तो खरा मानून चालतात. ५२ वजा ३८ हे उदाहरण घ्या. एका वहीत उत्तर २६ आहे, शेजारच्या वहीत २४. दोन्हींवर लाल फुली पडते आणि दोन्ही मुले एकाच गटात जातात. परंतु पहिल्याने २ मधून ८ जात नाहीत म्हणून सरळ ८ मधून २ काढले; दशक सुटा करणे ही कल्पनाच त्याला कळलेली नसावी, म्हणून त्याच्या हाती दहा-दहा काड्यांचे गठ्ठे द्यायला हवेत. दुसऱ्याने दशक सुटा करून १२ मधून ८ बरोबर काढले, फक्त ५ दशकांचे ४ उरले हे तो विसरला. ५ खोडून वर ४ लिहिण्याची सवय त्याला पुरेल. ज्याचे उत्तर १४ आले, त्याला तशीच आणखी वीस उदाहरणे देण्याऐवजी २६ हे उत्तर कसे आले असेल ते शोधायला सांगावे. त्यात त्याचाही कस लागतो.

म्हणूनच प्रशिक्षणाचा मोठा भाग मुलांच्या खऱ्या वह्या वाचण्यात आणि त्यावरून दुसऱ्या दिवशीचा पाठ आखण्यात जायला हवा. जपानमध्ये शिक्षक एकत्र बसून एक पाठ तयार करतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात बसून शिक्षकाकडे नव्हे तर मुलांकडे पाहतात आणि नंतर त्यावर सविस्तर चर्चा करतात. व्याख्यानातून न मिळणारी नजर अशा निरीक्षणातून तयार होते.

सरावाची आणखी एक बाब म्हणजे थांबणे. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबल्यास उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात.

आपण या आठवड्यात वजाबाकीच्या वह्या चुकीच्या प्रकारानुसार वेगळ्या करून पाहाव्यात आणि त्याच प्रकारांपुरते, दोन-तीन दिवसांचे गट करावेत.