डिझाइन पेटंटच्या संख्येवरून एखाद्या प्रदेशाची नवनिर्मिती मोजता येते का?

तुम्ही विचारलंय की प्रबंधासाठी अमेरिकेतली राज्यं आणि जमल्यास महाराष्ट्रातले जिल्हे यांची नवनिर्मिती डिझाइन पेटंट (वस्तूच्या नुसत्या दिसण्यावरचा हक्क) मोजून ठरवली तर चालेल का. चालेल, पण एकाच देशात, एकाच उद्योगापुरती, आणि 'एक' कशाला म्हणायचं हे आधी ठरवून. नुसती बेरीज करून क्रमवारी मात्र लावू नका.

ओरेगॉन राज्य घ्या. पोर्टलंडजवळच्या बीव्हर्टनला नाइकीचं मुख्यालय आहे, आदिदासचं उत्तर अमेरिकेचं मुख्यालय पोर्टलंडमध्येच. बुटांच्या डिझाइनमध्ये हा भाग वर दिसला तर ते खरंच आहे, कारण बूट रेखाटणारी जाणती माणसं तिथे वर्षानुवर्षं एकत्र आली आहेत. तंत्राच्या पेटंटमध्ये हे कसब पुरतं उतरत नाही, कारण बुटाची नुसती ठेवण हा तांत्रिक शोध ठरत नाही. म्हणूनच 'डिझाइन पेटंट मोजूच नयेत' असं म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही.

पण त्यातलं एखादं पेटंट उघडून बघा. मजकूर जेमतेम असतो. दावा, म्हणजे हक्क कशावर हे सांगणारा भाग, एकच, तोही एका वाक्याचा: आकृतीत दाखवलंय त्याप्रमाणे बुटाचं शोभेचं डिझाइन. बाकी सगळी चित्रं. साधारणपणे अखंड रेषांनी काढलेल्या भागावर हक्क सांगितलेला असतो, तुटक रेषांचा भाग फक्त संदर्भासाठी. तळ अखंड आणि वरचा भाग तुटक, हे झालं एक पेटंट. वरचा भाग अखंड आणि तळ तुटक, हे दुसरं. बूट तोच! ॲपल आणि सॅमसंगच्या 2012 च्या खटल्यात आयफोनची तीन डिझाइन पेटंट पुढे आली होती: समोरचा काळा पृष्ठभाग, कडेच्या पट्टीसह समोरची बाजू, आणि पडद्यावरची आयकॉनची मांडणी. तुमच्या तक्त्यात त्यांचे तीन आकडे पडतील. तेव्हा एकाच मालकाचे, एकाच वस्तूचे अर्ज आधी एका गटात घाला.

दुसरी अडचण पत्त्याची. अमेरिकी पेटंट कार्यालयाच्या राज्यवार तक्त्यांत पेटंट जातं ते पहिलं नाव असलेल्या शोधकाच्या राहत्या राज्याकडे. पोर्टलंडसमोर कोलंबिया नदीपलीकडे व्हँकुव्हर शहर आहे, ते वॉशिंग्टन राज्यात येतं. पहिला शोधक तिथे राहत असेल तर बीव्हर्टनचा बूट वॉशिंग्टनच्या खात्यात जमा होतो. म्हणून राज्याऐवजी महानगर क्षेत्र घ्या आणि प्रत्येक शोधकाला त्याचा वाटा द्या. बूट तयार होतात मुख्यतः व्हिएतनाम आणि आसपासच्या देशांत. तिथल्या कारागिरांनी नमुना करताना जे सुचवलं असेल, ते या मोजणीत येतच नाही.

चीनचे आकडे शेजारी ठेवायचा मोह टाळा. तिथे डिझाइनही पेटंट कायद्यातच येतं, नावीन्याची सखोल तपासणी न होता ते मंजूर होतं, आणि स्थानिक सरकारं अर्जांसाठी अनुदान देत असत. ते इतकं वाढलं की 2021 मध्ये केंद्रीय पेटंट कार्यालयाला अर्जांवरची अनुदानं बंद करण्याचा आदेश काढावा लागला. अशा प्रांतांच्या त्या काळातल्या आकड्यांत त्या अनुदानाचाही मोठा हात असतो.

आता महाराष्ट्र. आपल्याकडे 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी होते, आणि नोंदीत मालकाचा पत्ता असतो. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय मुंबईत आणि काम चाकणला, तर श्रेय मुंबईला. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून. पण तिची पारंपरिक घडण नवीन नाही, म्हणून डिझाइन म्हणून नोंदताच येत नाही. त्या कारागिरांसमोर शून्य लिहिणारा तक्ता मला मान्य नाही.

जिल्ह्यांची तुलना करायचीच असेल तर एक चाळणी लावा. आपल्याकडे डिझाइनची मुदत दहा वर्षं, पुढे शुल्क भरून आणखी पाच. दहा वर्षांनंतरही मालकाने पैसे भरले असतील तर त्या डिझाइनला बाजारात काहीतरी किंमत उरली आहे असं धरायला जागा आहे. अमेरिकेत डिझाइन पेटंटला असं नूतनीकरण शुल्कच नाही, त्यामुळे ही सोय तिथे मिळणार नाही. 2010 ते 2014 मधल्या नोंदी घ्या, कारण त्यांच्या मुदतवाढीचा निकाल लागून गेलेला आहे.