वकिली सांभाळून मानसिक आरोग्याच्या संशोधनात जाता येतं का?

तुम्ही लिहिलंय, कौटुंबिक न्यायालयात अठरा वर्षं वकिली झाली, आता मानसिक आरोग्यावर संशोधन करायचंय. पण मानसशास्त्राची पदवी नसताना कोणी दारात उभं करेल का?

करतात. पदवी माझ्याकडेही नाही. डॉक्टरांकडे नसलेली एक गोष्ट मात्र आपल्याकडे असते: खटल्यांच्या फायली.

माझी गाडी एका उलटतपासात रूळ बदलून गेली. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली, बायको मनोरुग्ण आहे म्हणून घटस्फोट मागणारा दावा. मी नवऱ्याकडून. हातात पुरावा काय, तर औषधाच्या एका चिठ्ठीची झेरॉक्स. तिच्या बाजूने आलेल्या मनोविकारतज्ज्ञांना मी नेहमीच्या थाटात विचारलं, "पेशंट पूर्ण बरी आहे का? हो की नाही, एवढंच सांगा." ते म्हणाले, "मॅडम, तुमचं बीपी पूर्ण बरं आहे का?" सगळे हसले. माझी बीपीची गोळी पर्समध्येच होती.

स्किझोफ्रेनियाचं नुसतं नाव पुरेसं नाही, आजार किती तीव्र आहे ते बघा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच रामनारायण गुप्ता खटल्यात सांगितलंय. मी तो निवाडा वाचलेला होता. अशिलाला अडचणीचा, म्हणून बाजूला सारलेला.

मग चाळिशी उलटल्यावर पीएचडीला नाव घातलं. अशा दाव्यांत 'वेड' सिद्ध कशाने होतं, हाच विषय. वाचन जमलं, मुलाखती जमेनात. पहिल्याच मुलाखतीत मी एका बाईंना विचारलं, "म्हणजे तुम्हाला माहेरी हाकललं, बरोबर?" सोबतची समाजकार्याची मुलगी बाहेर आल्यावर म्हणाली, "ताई, तुम्ही उत्तर त्यांच्या तोंडात घातलंत." सूचक प्रश्नांची सवय सुटायला मला वर्ष लागलं. तुम्हालाही लागेल.

काम भरपूर आहे. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाला भरती करण्यासाठी मॅजिस्ट्रेटचा हुकूम वगैरे भानगड होती. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने (अंमल मे २०१८ पासून) रुग्णाची निर्णयक्षमता गृहीत धरली आणि भरती आणि रुग्णांच्या तक्रारी तपासणारी पुनर्विलोकन मंडळं आणली. ती कागदावर आणि प्रत्यक्षात कशी चालतात, हे बघायला वकीलच हवेत. पुण्यात इंडियन लॉ सोसायटीचं याच विषयाचं केंद्र आहे, चौकशी तिथून करा. वकीलपत्रं मात्र सोडू नका. संशोधनात पैसा नाही.

आणि एक करून बघा. २०१७च्या त्या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे, उद्या स्वतःची क्षमता गेली तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि आपल्या वतीने कोणी ठरवायचं, हे आधीच लिहून ठेवता येतं. अशिलांना मी ते अर्ध्या तासात समजावते. स्वतःचं लिहायला बसले तेव्हा उपचारांचं पान झालं, प्रतिनिधीच्या जागी नवऱ्याचं नाव घालावं की बहिणीचं, यावर सहा महिने अडले. शेवटी बहिणीचं घातलं. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.