पोट सुटलेले असताना पोटाचे व्यायाम कसे करावेत?

प्रश्न : माझे वय 47, उंची पाच फूट पाच इंच आणि वजन 94 किलो आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत असून दिवसाचा बराच वेळ गादीवर बसून जातो. काही महिन्यांपासून कंबर दुखते. डॉक्टरांनी तपासून काळजीचे कारण नसल्याचे सांगितले आणि पोटाचे स्नायू बळकट करण्याचा सल्ला दिला. मोबाइलवर पाहून सिट-अप सुरू केल्या, तर मान आखडली आणि कंबर अधिकच दुखू लागली. घरचे म्हणतात, आधी वजन उतरवा, मग व्यायामाचे पाहू. तालमीतले जुने वस्ताद म्हणतात, जोर मारायला लागा, पोट आपोआप आत जाईल. रक्तदाबाची गोळी चालू आहे. नेमके काय करावे?
– एक व्यापारी, सांगली

उत्तर : घरच्यांचा सल्ला काळजीपोटी आलेला असला, तरी तो मानू नये. वजन उतरायला महिने लागतात आणि तेवढा काळ कंबरेला आधाराविना ठेवण्यात काही हशील नाही. पोट पुढे आले की शरीराचा भार पुढे सरकतो, तो सावरण्यासाठी कंबर आतल्या बाजूला अधिक वळते आणि पाठीच्या स्नायूंना दिवसभर ताणून राहावे लागते. म्हणून ज्याचे वजन अधिक, त्याला पोटाच्या स्नायूंची गरजही अधिक. वस्तादांचे म्हणणे अर्धे खरे आहे. जोराने ताकद येते, पण पोटावरची चरबी पोटाच्या व्यायामाने उतरत नाही. शरीर चरबी वापरते ती सगळीकडची, आणि आधी कुठली वापरायची हे आपल्या हाती नसते. वजन आणि दुबळेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगली जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. कवठेपिरानचे मारुती माने 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, ते वजनदार मल्लांच्या गटातून. अर्थात मल्लाच्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा असतो, आपल्या वजनात तो नाही. म्हणून थेट जमिनीवरचे जोर आज आपल्या मनगटांना आणि खांद्यांना झेपणार नाहीत.

सिट-अपने त्रास का झाला, तेही पाहू. पोटाच्या स्नायूंचे रोजचे काम शरीर दुमडण्याचे कमी आणि कणा जागच्या जागी धरून ठेवण्याचे जास्त असते. पुढच्या सरळ स्नायूच्या दोन्ही बाजूंना तिरके स्नायू असतात, आणि त्यांच्याही आत कंबरेभोवती आडवा गुंडाळलेला एक स्नायू असतो. हे सगळे पाठीच्या स्नायूंसह एकत्र आवळले गेले, की कंबरेला आधार मिळतो. सिट-अपमध्ये कणा वारंवार वाकतो, मणक्यांमधील चकत्यांवर दाब येतो, मांडीच्या पुढचे स्नायू कंबरेला ओढतात आणि पोट आड येत असल्याने माणूस शेवटी मानेला हिसका देऊन उठतो. आपली मान त्यामुळेच आखडली. सिट-अप आजपासून बंद कराव्यात.

सुरुवात भिंतीपासून करावी. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहून दोन्ही तळवे छातीच्या उंचीवर टेकावेत, पाय एकेक पाऊल मागे घ्यावेत आणि डोक्यापासून टाचांपर्यंत शरीर एका रेषेत ठेवून, कुणी पोटात हलकी चापट मारणार आहे अशा बेताने पोट किंचित घट्ट करावे. दहा सेकंद धरून सोडावे, पाच-सहा वेळा करावे. हे सहज जमू लागले की भिंतीऐवजी पक्का कट्टा, पुढे पलंगाची कड आणि शेवटी गुडघे टेकून जमीन, असे खाली यावे. दुसरा व्यायाम हातांवर आणि गुडघ्यांवर ओणवे होऊन करायचा आहे. गुडघ्यांखाली घडी घातलेली वाकळ घ्यावी, उजवा हात आणि डावा पाय लांबवावा, कंबर न डुलवता दहा सेकंद थांबावे, मग बाजू बदलावी. आपल्या बांध्याला हा विशेष सोयीचा आहे, कारण पोट खाली मोकळे राहते, मध्ये अडत नाही. तिसऱ्यासाठी साधनही लागत नाही: चार-पाच किलोची पिशवी एकाच हातात धरून, त्या बाजूला न झुकता गोदामात एक फेरी मारावी आणि मग हात बदलावा.

या सर्वांत श्वास रोखायचा नाही. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब झटकन चढतो, आणि आपली गोळी चालू आहे. मोठ्याने आकडे मोजले, की श्वास आपोआप चालू राहतो. कंबरेची कळ पायात उतरू लागली, पायाला मुंग्या आल्या किंवा छातीत दडपल्यासारखे झाले, तर व्यायाम तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जावे.

गादीवरून उठतानाही पद्धत बदलावी. समोर झोके घेत उठण्याऐवजी आधी एका कुशीला कलून तळहात टेकावा, एक गुडघा उभा करावा आणि श्वास सोडत उठावे. दर तासाला एकदा असे उठणे हाही व्यायामच आहे.

आता घेराविषयी. शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध शिंप्याची टेप लावून, श्वास सोडून मोजावे. भारतीय पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर यांपुढचा घेर मधुमेह व हृदयविकाराच्या दृष्टीने धोक्याचा मानतात. तो उतरतो चालण्याने आणि ताटाने. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने, आमराईत किंवा कृष्णेच्या घाटावर चालावे. सौद्यांच्या वेळी येणाऱ्या चहाचाही हिशेब ठेवावा: कपाला दोन चमचे साखर धरली, तर सहा कपांत पन्नास ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते, आणि व्यापारी माणसाला ही जमा-नावे मी समजावून सांगणे बरे दिसत नाही. वजन पाच ते दहा टक्के उतरले तरी रक्तदाबात फरक दिसतो. मात्र गोळी आपल्या मनाने कमी करू नये.

प्रश्न : दुसरे सिझेरियन होऊन दोन वर्षे झाली. वजन 76 किलो आहे. अंथरुणातून उठताना बेंबीच्या वर मधोमध लांबट उंचवटा दिसतो, आडवे पडले की जातो. हा हर्निया आहे का? पट्टा बांधावा का?
– गृहिणी, मिरज

उत्तर : आपल्या वर्णनावरून, गरोदरपणात ताणून दूर गेलेल्या पोटाच्या दोन उभ्या स्नायूंमधील पडदा सैल राहिला असावा. तरीही सर्जनकडून एकदा तपासून घ्यावे, कारण बेंबीपाशी लहानसा हर्निया सोबत असू शकतो. फुगवटा आडवे पडूनही आत न जाणे, दुखणे, कडक होणे किंवा उलट्या होणे, यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पट्ट्याने काम करताना आधार वाटतो, पण स्नायू त्याने बळकट होत नाहीत. सिट-अप आणि दोन्ही पाय एकदम उचलणे टाळावे. उताणे झोपून गुडघे वाकवावेत, श्वास सोडत ओटीपोट हलके आत ओढावे आणि एक टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करून पुन्हा जवळ घ्यावा. मधोमध उंचवटा दिसला, तर पाय कमी लांब करावा. खोकताना लघवी सुटत असेल, तर संकोच न करता तेही फिजिओथेरपिस्टला सांगावे. त्याचे व्यायाम यांच्याच सोबत सुरू करता येतात.