लक्ष्मणराव किर्लोस्करांकडून मी काय घेतलं: धीराचीही तरतूद करावी लागते

कोणत्या यशस्वी उद्योजकाच्या प्रवासातून धंद्याला आणि आयुष्याला खरोखर उपयोगी पडेल असं काही मिळालं, असं तुम्ही विचारलंय. नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी सुरू करायच्या विचारात असल्याचंही लिहिलंय. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवून उत्तर देतो.

मी शेतीच्या अवजारांचे सुटे भाग बनवतो. या कामातल्या माणसाच्या मनात पहिलं नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्करांचंच येणार. त्यांची गोष्ट बहुतेकांना शाळेपासून माहीत असते: लोखंडी नांगर, माळरान, किर्लोस्करवाडी. पण ती सांगताना जिद्द आणि धाडस यावर इतका भर दिला जातो की त्या जिद्दीचा रोजचा खर्च कुठून निघत होता, हे कुणी सांगत नाही. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या भागाने.

लक्ष्मणरावांचा जन्म 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की काही रंग त्यांना नीट ओळखू येत नाहीत. रंगकाम सुटलं, पण रेखाटणारा हात शाबूत होता. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला घेतलं, आणि त्यांनी नोकरी सोडली.

इथेच बहुतेक सांगणारे टाळ्या घेतात: अपमान झाला, राजीनामा दिला, कारखाना काढला. मधला दुवा मात्र गळतो. नोकरी सोडण्याच्या कितीतरी आधी, 1888 मध्ये, बेळगावात सायकलचं दुकान सुरू झालेलं होतं. भाऊ रामुअण्णा ते सांभाळत. सायकल विकायची, दुरुस्त करायची आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायची, असा तो धंदा. म्हणजे लक्ष्मणराव मुंबई सोडून निघाले तेव्हा गावी एक चालतं दुकान आणि विश्वासाचा माणूस त्यांची वाट बघत होता. राग खरा असेल, अपमानही खरा असेल, पण उडी मारताना खाली जमीन कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं.

आता नांगराकडे येतो. बेळगावात त्यांनी आधी कडबा कापण्याचं यंत्र बनवलं, मग लोखंडी नांगर. हा नांगर विकणं फार कठीण गेलं. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. हे वाचून लोक म्हणतात, बघा किती अडाणीपणा, आणि तरीही या माणसाने हार मानली नाही. मला यातला अडाणीपणाचा भाग पटत नाही. या धंद्यात राहून मला त्या शेतकऱ्याची बाजू जास्त कळते.

कडबा कापणी यंत्राचा फायदा त्याच दिवशी दिसतो. आख्खी ताटं टाकली तर जनावर पानं ओरबाडून खातं आणि जाड बुडखे तुडवून टाकतं. तोच कडबा बारीक करून घातला की वाया कमी जातो, आणि संध्याकाळी गव्हाणीत बघितलं की शेतकऱ्याला ते पटतं. नांगराचं तसं नाही. लाकडी नांगर जमीन नुसती चिरतो, लोखंडी नांगर माती उलथून टाकतो. त्याने हरळीची मुळं वर येतात आणि जमीन खोलवर मोकळी होते. हे सगळं खरं, पण त्याचा पुरावा पीक हातात आल्यावर मिळणार. तोवर पणाला काय लागलेलं असतं? वर्षभराचं पीक. एका हंगामावर ज्याचं घर चालतं, त्याने खात्री नसलेली वस्तू जमिनीत घालायला नकार दिला, तर मी त्याला शहाणाच म्हणेन. विषाची भीती त्याने बोलून दाखवली. तिच्या आड हा साधा हिशेब उभा होता, असं माझं मत आहे.

लक्ष्मणरावांना तो हिशेब कळला असावा, कारण अवजार वापरणाऱ्याला मानवलं पाहिजे यावर त्यांचा कटाक्ष होता. परदेशी नांगराची नुसती नक्कल करून चालणार नव्हतं. आपला बैल, आपली माती आणि तास धरणारा आपला माणूस यांना झेपेल असंच ते घडवायला हवं होतं. नांगराच्या फाळाचं काम मी जवळून पाहिलं आहे. फाळ झिजणारच. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, जास्त कडक झालं तर तो दगडाला लागून तुटतो आणि मऊ राहिलं तर लवकर बोथट होतो. हा मेळ जमायला ओतकामाच्या कितीतरी फेऱ्या जातात, आणि त्या काळात खर्च थांबत नाही.

म्हणून त्या दोन वर्षांकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. नांगर पडून असताना घर आणि भट्टी चालायला दुसरं काहीतरी विकलं जात असणार. कडबा यंत्राचा फायदा त्याच दिवशी दिसतो, हे वर आलंच. एका हाताला रोजचा माल आणि दुसऱ्या हाताला वेळ मागणारा माल, अशी ही जोडी. माझ्या धंद्यात मी हीच गोष्ट जशीच्या तशी उचलली. नवा भाग बाजारात रुळेपर्यंत जुने, कंटाळवाणे, पण दर आठवड्याला खपणारे भाग बंद करायचे नाहीत. नव्या मालाच्या प्रेमात पडून जुना सोडून दिलेले चांगले कारागीर मी पाहिले आहेत. त्यांचा माल वाईट नव्हता, तो पटेपर्यंत टिकायला लागणारा पैसा त्यांच्याकडे नव्हता.

मग पुढचा धक्का. शहर वाढवण्यासाठी बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती, म्हणून तिथून उठावं लागलं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी जमीन दिली आणि 10,000 रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. कुंडल रोड स्टेशनजवळचं 32 एकरांचं ते माळरान निवडुंगाने आणि सापांनी भरलेलं होतं. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

यात नशिबाचा भाग आहे, आणि तो मोकळेपणाने मान्य करायला हवा. असा राजा प्रत्येकाला भेटत नाही. बिनव्याजी दहा हजार म्हणजे त्या काळी केवढी मोठी रक्कम! कुठल्याही यशस्वी माणसाची गोष्ट वाचताना अशी जागा शोधत जा, जिथे दुसऱ्या कुणीतरी भार उचललाय. ती वगळून नक्कल करायला गेलात तर फसाल. पण एवढंही लक्षात घ्या, की पंतप्रतिनिधींनी कागदावरच्या कल्पनेला पैसे दिले नाहीत. चालता कारखाना, माणसं आणि तयार माल त्यांच्यासमोर होता. जागेची निवडही बघा: ओसाड, पण रेल्वेला लागून. कोळसा आणि लोखंड आत येणार, जड नांगर बाहेर जाणार, तर स्टेशन हवंच. निवडुंग तोडता येतो, रेल्वे आपल्याला आणता येत नाही.

ओसाड माळावर कामगार कशाला येईल, हा खरा प्रश्न होता. म्हणून घरं आली, शाळा आली, गाव वसलं. या वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही, आणि शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. त्या काळात हे करायला मोठं मन लागत होतं, आणि मला त्याबद्दल अपार आदर आहे. त्यात धंद्याची समजही दिसते. जी माणसं बाकीच्यांनी दारात उभी केली नसती, त्यांना जबाबदारीचं काम दिलं तर ती ते जिवापाड सांभाळतात. हुशार कारागीर मिळत नाही म्हणून रडणाऱ्या माझ्या धंद्यातल्या मंडळींना मी हेच सांगतो, की तुम्ही कुणाकुणाला विचारतच नाही, ते आधी बघा.

पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी वितळवण्यासाठी जुन्या तोफा दिल्या, हा प्रसंग तुम्ही ऐकला असेल. त्यावर जास्त बोलत नाही, तो आधीच खूप सांगितला जातो. त्यापेक्षा 1920 कडे बघा. त्या वर्षी किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली आणि त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचं पत्र सुरू झालं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव ते चालवत. पुढे त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, मराठी घराघरांत वाचलं गेलं. ज्या माणसाचा नांगर लोकांच्या शंकेपायी दोन वर्षं पडून राहिला, त्याच्या कारखान्यातून थेट वाचकांशी बोलणारं पत्र निघावं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

आता तुमच्या नोकरीबद्दल. सोडा किंवा सोडू नका, असं मी सांगणार नाही, पण एक गोष्ट आधी कागदावर मांडा. तुम्ही जे विकणार आहात त्याचा फायदा गिऱ्हाइकाला त्याच दिवशी दिसतो की हंगाम उलटल्यावर? त्याच दिवशी दिसत असेल, तर पगार चालू असतानाच घरातल्या एखाद्या विश्वासू माणसाला सोबत घेऊन सुरुवात करता येईल. उशिरा दिसणार असेल, तर तोवर घरखर्च आणि मालाची उधारी कशातून भागणार, त्याचं नाव आणि महिन्याची रक्कम लिहा. ती जागा कोरी राहिली तर राजीनामा पुढे ढकला. माल कोणता आहे ते प्रश्नात लिहिलेलं नाही. ते कळवलंत, तर त्याबद्दल मला जे माहीत आहे ते नक्की सांगेन.